दोघांच्या वजनाचा सायलेन्सर

मिठाच्या पिशव्या, वीस-वीस किलोच्या. पोहण्याच्या तलावात टाकतात ते मीठ.

एका बाईचं लोखंडी शिवणयंत्र. ते आता पर्थमध्ये आहे.

सप्टेंबरात मॅगपाय पक्षी माणसांच्या डोक्यावर झेप घेतात. आमचा टपालवाला हेल्मेटला प्लास्टिकचे काटे लावून फिरतो. तरी टोच खातोच.

पर्थच्या वाटेवर, नलरबॉरच्या माळावर एक रस्ता आहे, तो दीड तास वळतच नाही.

फोन रविवारी करायचा असतो.

दोन बोटं जागा.

माझे बाबा म्हणायचे, चाकं लोंबकळत असली की सगळंच नीट बसतं.

*

तर सावेरकाकाची फाल्कन माझ्या वर्कशॉपात शिरली ती ठोकत ठोकत. शहात्तर सालची, दोन दारांची, गडद निळी, आठ सिलिंडरची. इंजिनाचा आवाज देखणा होता, भरदार, खालच्या पट्टीतला. पण दारातल्या उंचवट्यावर चढताना बुडाखाली कोणी हातोडी मारावी तसा ठणका बसला. मग आत उतरताना आणखी एक.

"लिझेट, बघ काय करून ठेवलंय त्या गाढवांनी!" काका उतरायच्या आत ओरडला.

सख्खा काका नाही. आईच्या गावचा. सेंट ऑल्बन्समधले आम्ही माल्टावाले सगळेच एकमेकांचे काका, मावश्या लागतो, आणि त्यामुळे कोणी पूर्ण पैसे देत नाही. ते जाऊ दे.

"कोणाकडून बसवलास?"

"आहे एक जण. तिकडे, स्टेशनच्या पलीकडे."

"माझ्याकडे का नाही आलास?"

"तू प्रश्न विचारतेस."

खरंय. मी एकच प्रश्न विचारते, बाबा विचारायचे तोच. गाडीत किती जण बसणार, आणि डिकीत काय असणार? लोक वैतागतात. पोलीस आहेस का, म्हणतात.

*

प्रश्न का विचारावा लागतो ते एकदाच सांगते.

या गाडीत धुराचा पाइप मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, वरून आणि डिकीच्या पत्र्याच्या खालून जातो. कारखान्यातून आला तो पाइप बारीक होता, त्याला काही अडचण नव्हती. पण बारीक पाइपानं आवाज देखणा होत नाही. म्हणून लोक जाड दुहेरी सायलेन्सर मागवतात. काकाने ॲडलेडहून मागवला होता, आरशासारखा. जाड पाइप घातला की मध्ये उरते दोन बोटं जागा. गाडीत माणसं बसली की गाडी खाली बसते, एक्सल वर येतो. पाइप खालच्या अंगाला असेल तर एक्सल त्याला ठोकतो. वर सरकवून ठेवला तर ठोकत नाही, पण मग गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी पाइप पत्र्याला लागून गुणगुणत राहतो. भरल्या गाडीत ती गुणगुण सामानात मुरते. रिकाम्या गाडीत नाही मुरत.

म्हणजे एकट्याचा पाइप वेगळा, भरल्या गाडीचा वेगळा. दोन्ही साधत नाही.

स्टेशनपलीकडच्या माणसाने गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलली, चाकं हवेत लोंबकळत ठेवली आणि पाइप बसवला. हवेत जागाच जागा होती. खाली आली आणि ठणाठणा.

माझी लिफ्ट चार खांबांची. चाकं फळ्यांवर उभी राहतात. गाडी वर गेली तरी तिला वाटतं ती रस्त्यावरच आहे.

*

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"पर्थ."

"कधी?"

"हे झालं की."

काका खुर्चीवर बसला. उठला. भिंतीवरचा पाना काढला, परत अडकवला, उलटा. दारात गेला. आला. कागदी पिशवीतून पास्तिझी, आमची चीज भरलेली खुसखुशीत करंजी, काढली, एक चावा घेतला, माझ्या बाकावर ठेवून दिली. चुरा सगळा माझ्या ड्रिलवर.

"काका, एका जागी थांब."

"थांबलोय की."

गेल्या वर्षी रेडिएटर झाला की तो पर्थला जाणार होता. मग गिअरबॉक्स झाला की. मग सीटा. सीटा तर त्याने स्वतः केल्या, आयुष्य गेलं त्याचं कारखान्यात सीटा बसवण्यात. कारखाना बंद झाल्यापासून त्याच्या हातांना एकच गाडी उरली होती आणि तो ती संपू देत नव्हता.

"किती जण?"

"जाताना मी."

"येताना?"

त्याने उरलेली पास्तिझी उचलली आणि पूर्ण तोंडात कोंबली. तोंड भरलेलं असताना माणसाला बोलता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

*

पावलीनाकाकू.

मुलीच्या, रोझानच्या बाळंतपणाला पर्थला गेली. ते बाळ आता धावतं. काकू अजून तिथेच. मध्यंतरी तिने शिवणयंत्र मागवून घेतलं. काकानेच जुन्या ब्लँकेटात बांधून कुरिअरवाल्याच्या हवाली केलं. त्या दिवशी आमच्या माल्टी क्लबात बायकांनी निकाल लावला: पाहुणी गेलेली बाई शिवणयंत्र मागवत नाही.

 काकाने घरी जाऊन गिअरबॉक्स उतरवला.

भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. दर रविवारी फोन होता. बाळाचे दात. इकडचा वारा. तिकडचा वारा. बस.

मला यातलं किती ठाऊक होतं? सगळं. आमच्यात कोणाला काही ठाऊक नसतं असं होत नाही. फक्त ती येणार का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्याने विचारायचं तो माझ्या वर्कशॉपात पाने उलटे टांगत होता.

*

"येताना बघू," काका शेवटी म्हणाला.

"'बघू'चं वजन किती किलो असतं?"

"तू फार बोलतेस. बापावर गेलीयेस."

"सांग. एक की दोन?"

"...दोन धर."

"डिकीत?"

"दोन बॅगा. आणि ते यंत्र." मग घाईघाईने, "आणायचं झालं तर."

*

शेजारी थुआनचं तलावाच्या सामानाचं दुकान. क्लोरीन, जाळ्या, पंप, आणि मीठ. माझ्या दारातून हातगाडी बाहेर पडली की त्याला कळतं.

"आज किती माणसं?" त्याने विचारलं.

"दीड."

"अर्धा कोण?"

"जिला अजून विचारलेलं नाही ती."

"पिशव्या फाटल्या तर तुझ्या. मागच्या वेळी मी मीठ दिलं, तू मला समुद्र परत केलास." तो पिशव्या मोजून हातगाडीत टाकू लागला. खिडकीतून त्याने फाल्कनकडे पाहिलं, मग तिच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या काकाकडे. "याला एखादी पिशवी बांध. उडून जाईल."

*

बाबांची पद्धत अशी: माणसाच्या जागी मीठ ठेवायचं. बसणाऱ्याचं वजन विचारायचं, तेवढ्या पिशव्या सीटवर, तेवढ्या डिकीत. गाडी किती बसते ते बघायचं, मग पाइप.

"काकूचं वजन किती?"

"मी काय तोलून लग्न केलं?"

"अंदाजे."

"साठ."

"कधीचं साठ?"

काकाने माझ्याकडे पाहिलंच नाही. "साठ म्हटलं ना."

तीन पिशव्या. मी सीटवर टाकल्या, तशा त्याने मला बाजूला सारलं.

"अशी नाही बसत ती."

त्याने पिशव्या दाराच्या बाजूला सरकवल्या. एक उभी केली. मागे होऊन पाहिलं. परत थोडी सरकवली. मग पट्टा ओढला, मिठावरून घेतला आणि खटकन लावला.

"पट्ट्याची गरज नाही काका, गाडी उभी आहे."

"असू दे."

डिकीत बॅगांची एक, यंत्राची एक. काका स्टिअरिंगमागे बसला, स्वतःचं वजन म्हणून. मी लिफ्टचं बटण दाबलं. तो वर गेला, मिठासकट. वरून त्याचा आवाज येत होता: "लागतंय का? लिझेट? लागतंय?" मी खाली, एक्सल आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं घालून. वरच्या अंगाला घेतला पाइप. क्लॅम्प आवळले. वेल्डिंग केलं नाही. एकदा चालवून ये म्हटलं, मग करू.

*

चालवून आला.

"गुणगुणतोय."

"मीठ कुठाय?"

"काढलं. मीठ घेऊन कोण फिरतं?"

"मग गुणगुणणारच. तू एकटा आहेस."

"सिग्नलला उभा होतो. सगळा आवाज तिच्या सीटमधून येतो. रिकाम्या सीटमधून." त्याने कपाळ पुसलं. "एकट्याचा कर."

केला. खाली घेतला, आवळला. गुणगुण बंद. काका गेला. गल्लीच्या टोकाला वळला, आवाज देखणा, स्वच्छ, काही ठोकत नाही, काही लागत नाही. झालं, म्हटलं.

हात धुऊन होतायत तोवर परत.

"दोघांचा कर."

"काका!"

"म्हणजे, समजा आली. समजा बसली. आणि माळावर मधोमध ठणठण सुरू झालं. पहिल्याच खड्ड्यात ती म्हणेल, बघ, हे असं आहे तुझं."

"ती असं म्हणते?"

"ती काही म्हणत नाही. तेच तर."

केला. परत वर.

त्याने दार उघडलं, बसला, किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"समजा नाही आली," तो म्हणाला. "तर पर्थपासून इथपर्यंत ती गुणगुण."

मी पाना खाली ठेवला. मुद्दामच जोरात, लोखंडावर.

*

(मध्येच हे: मलाही एका जागी राहवत नाही. माझे हातही काहीतरी धरून असतात. म्हणून मला त्याचा राग आला असेल. ज्याची सवय आपल्याला असते त्याचाच राग येतो. पुढे.)

*

"ऐक काका. क्लॅम्पवर मी तुला त्या रस्त्यावर पाठवणार नाही. अर्ध्या वाटेत सैल होतील आणि तू माळावर पाइप काखोटीला मारून उभा राहशील. वेल्डिंग करावंच लागेल. आणि वेल्डिंग एकदाच. एकट्याचं किंवा दोघांचं. सांग."

"तू सांग."

"मी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तिला फोन कर."

"आज रविवार नाही."

"माहितीये."

"ती म्हणेल काय झालं. मेलं का कोणी."

"तर सांग, कोणी नाही मेलं."

काका बाहेर गेला. फाटकाजवळच्या झाडावरून मॅगपाय सुटला, त्याच्या टकलाला वारा लावून गेला. काका हात हलवत, माल्टी शिव्या देत आत पळत आला. एरवी मी हसले असते. त्याने खिशातून फोन काढला. आकडे दाबले, पुसले, दाबले. घंटी वाजायला लागली तसा फोन गरम असावा तसा माझ्या हातात दिला.

"तू बोल."

"मी काय बोलू?"

"पाइपाचं बोल!"

*

"सावेर?" काकूचा आवाज. मागे बाळ काहीतरी आपटत होतं. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं काकू. मी लिझेट."

"लिझेट? त्याला काय झालं?"

"काही नाही. इथेच आहे. उभा आहे." तो उभा नव्हता. गाडीच्या पुढून मागे, मागून पुढे. "फाल्कनला नवा सायलेन्सर बसवतोय."

"हं."

त्या 'हं'मध्ये रेडिएटर होता, गिअरबॉक्स होता, सीटा होत्या.

"जुना गळत होता ना, धूर आत यायचा," मी म्हटलं.

"मला सांगतेस? वीस वर्षं माझंच डोकं दुखायचं. खिडकी उघडी ठेवून बसायची मी, थंडीतसुद्धा. त्याला म्हटलं तर म्हणायचा, कुठे येतो धूर? मग? आता नाही येत?"

"नाही येत."

"त्याने सांगितलं बसवायला?"

"त्यानेच."

 काकू बाळाला म्हणाली, ते तोंडात नको घालूस. मग मला: "आणि मला फोन कशाला?"

मी काकाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी खूण केली, सांग, सांगू नको, दोन्ही एकदम.

म्हणून मी आहे तसं सांगितलं. एकट्याचा पाइप, दोघांचा पाइप. एकट्याचा बसवला आणि कोणी बरोबर बसलं तर ठणठण. दोघांचा बसवला आणि एकटाच आला तर गुणगुण. त्याने सकाळपासून माझ्याकडून पाइप किती वेळा हलवून घेतला ते. तो पर्थला निघालाय ते. आणि त्याला विचारायला जमत नाही तेही.

 पलीकडे बाळाचं आपटणं थांबलं.

"तो निघालाय?" काकू म्हणाली.

"हो."

"खरंच?"

"वेल्डिंग झालं की."

"मग दोघांचा बसव," काकू म्हणाली. "येते असं मी म्हणत नाहीये. ते तो इथे आला की त्याच्या तोंडून ऐकून मग ठरवीन. पण आवाज व्हायचाच असेल तर त्याला एकट्याला होऊ दे. मला ठणके नकोत. माझी कंबर दुखते."

"बरं."

"आणि माझं वजन किती धरलंय त्याने?"

मी काकाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहू लागला.

"साठ," मी म्हणाले.

काकू हसली. इतकी हसली की फोन तिच्यापासून लांब गेला आणि परत आला.

"साठ! त्याला म्हणावं, साठ होते तेव्हा तू मला स्कूटरवर घेऊन फिरायचास. सदुसष्ट धर. खोटं वजन धरून बसवलास तर वाटेत कळेलच."

*

"काय म्हणाली?" काका.

"सदुसष्ट."

"काय सदुसष्ट?"

"किलो."

 तो तसाच बाहेर गेला. मॅगपाय आला असेल, त्याने लक्ष दिलं नसावं. परत आला तेव्हा खांद्यावर मिठाची आख्खी पिशवी, मागे थुआन ओरडत: "अहो, पैसे! भाड्याने देत नाही मी!"

"सातच किलो लागतात," मी म्हटलं.

"माहितीये." काकाने चाकूने पिशवी फाडली, माझ्या तेलाच्या रिकाम्या डब्यात मीठ ओतलं, वजनाच्या काट्यावर ठेवलं, थोडं काढलं, थोडं घातलं. काटा बरोबर सातावर आला तेव्हा तो पहिल्यांदाच दिवसभरात हलायचा थांबला. डबा त्याने तिन्ही पिशव्यांच्या वर ठेवला, पट्ट्याच्या आत, जपून, दाराच्या बाजूला.

सात किलोने काय फरक पडतो? फार नाही. पण मी बोटं घालून बघितलं, आणि एक्सल आधीपेक्षा किंचित वर होता. पाइप किंचित वर घेतला. पत्र्याच्या इतका जवळ मी तो दुसऱ्या कोणाच्या गाडीत नसता नेला.

बॅटरीची तार काढली. मुखवटा चढवला.

"आता बदलणार नाही काका. शेवटचं विचारते."

"कर."

निळा उजेड. वितळलेल्या लोखंडाचा वास. वर गाडीत तो बसलेला, मिठाशेजारी, आणि या वेळी वरून एकदाही 'लागतंय का' आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे तो माझ्या दारासमोरून गेला. थांबला नाही. सीटवर मीठ नव्हतं, मीठ थुआनकडे परत गेलं होतं, फुटलेली पिशवी सोडून. पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. मी फाटक उघडत होते. तिथपर्यंत ऐकू आलं: इंजिनाचा तो खालच्या पट्टीतला भरदार आवाज, आणि त्याच्या खाली, पत्र्याला लागून, बारीक, सतत, गुणगुण. मी वाट पाहत होते, की त्याला वाईट वाटेल, तो वळून येईल, म्हणेल, परत खाली घे.

सिग्नल हिरवा झाला. तो पश्चिमेला गेला.

*

बाळंतपणाला जाताना पावलीनाकाकूचं पर्थचं विमानाचं तिकीट सावेरकाकाने काढलं होतं, फक्त जायचं. परत आणायला मी गाडी घेऊन येतो, असं तो तिला विमानतळावर म्हणाला होता.